जुन्या खमिरी नानाची कृती आणि आजचा मैदा

प्रास्ताविक

निर्मल, भैंसा, मुधोळ, आदिलाबाद या पट्ट्यातील मुस्लिम घरांत स्वयंपाकाच्या जुन्या वह्या अजूनही सापडतात. काही उर्दूत, काही मराठीत, तर काहींत मजकूर उर्दूत आणि वजने मराठी वळणाची असतात. हे मिश्रण स्वाभाविक आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी नांदेड, औरंगाबाद आणि आदिलाबाद हे जिल्हे एकाच हैदराबाद संस्थानात, पुढे हैदराबाद राज्यात होते. मुधोळ आणि भैंसा ही मंडले तर नांदेड जिल्ह्यातच मोडत. राज्यांची सीमा नंतर आली, पण शीरमाल, कुलचा, खमिरी रोटी आणि नान यांच्या कृती सीमेच्या दोन्ही बाजूंना त्याच राहिल्या.

या कृती आज बेकरीच्या वर्गात करून पाहिल्या की बऱ्याच वेळा फसतात. पीठ चिकट होते, नान वाळून कडक होतो, आंबटगोड वास येत नाही. मग विद्यार्थी दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. पहिला असा की वहीतली कृती चुकीची आहे. दुसरा असा की हे 'हाताचे कसब' असून ते शिकवता येत नाही. दोन्ही निष्कर्ष घातक आहेत. पहिल्याने वही रद्दीत जाते आणि दुसऱ्याने कसब त्या व्यक्तीबरोबर संपते. शिवाय फसलेला नान सुधारण्यासाठी विद्यार्थी बाजारातील 'इम्प्रूव्हर'ची पुडी आणि स्वस्त वनस्पती तूप जवळ करतो. ज्या पदार्थाच्या नावावर त्याला पुढे रोजी कमवायची आहे, तो पदार्थच त्यामुळे हातातून निसटतो.

कृती चुकलेली नसते, तिच्यातील शब्दांमागचे जिन्नस बदललेले असतात. 'मैदा', 'दूध', 'तूप', 'पावशेर' हे शब्द कायम राहिले, पण वस्तू दुसऱ्या झाल्या. म्हणून जुना जिन्नस पिठात कोणते काम करीत होता ते ओळखावे आणि आजचा कोणता जिन्नस, किती प्रमाणात तेच काम करील ते ठरवावे. हे वर्गात कसे करता येईल, ते प्रस्तुत लेखात क्रमाने मांडले आहे.

१. वजने : शेर सोडावा, प्रमाण धरावे

१९३९ च्या कायद्याने प्रमाणित केलेला शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. त्यानुसार :

अच्छेर = ४० तोळे = सुमारे ४६७ ग्रॅम
पावशेर = २० तोळे = सुमारे २३३ ग्रॅम
नवटाक = १० तोळे = सुमारे ११७ ग्रॅम
छटाक = ५ तोळे = सुमारे ५८ ग्रॅम
तोळा = ११.६६ ग्रॅम
मासा = तोळ्याचा बारावा भाग = सुमारे १ ग्रॅम

दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. तरीही बाजारात आज 'पावशेर' म्हटले की २५० ग्रॅम मिळतात, म्हणजे जुन्या पावशेरापेक्षा सुमारे सात टक्के अधिक. त्यातच शेर सर्वत्र एकच नव्हता. धान्याचा शेर पुष्कळ ठिकाणी मापाचा असे, वजनाचा नसे. एका शेराच्या मापात दूध जितके वजनाचे मावते, तितके पीठ मावत नाही. म्हणून कृती हाती आली की पहिला प्रश्न 'शेर किती ग्रॅमचा?' हा नसावा. 'हा शेर वजनाचा की मापाचा?' हा असावा.

शेर वजनाचा असेल तर पुढचे काम सोपे आहे. बेकरीशास्त्रात मैद्याचे वजन १०० धरून बाकीचे सर्व जिन्नस त्याच्या टक्केवारीत मांडतात. शेराच्या पद्धतीत ही टक्केवारी तोंडी करता येते. शेरभर मैद्याला एक छटाक जिन्नस म्हणजे सव्वासहा टक्के, एक तोळा म्हणजे सव्वा टक्का आणि एक मासा म्हणजे साधारण एकदशांश टक्का.

याचे उत्तम उदाहरण अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या या ग्रंथात शाही भटारखान्यातील भट्टीच्या मोठ्या रोटीचे प्रमाण दिले आहे : मैदा १० शेर, दूध ५ शेर, तूप दीड शेर, मीठ पाव शेर. अकबराने शेर ३० दामांचा केला होता. तो आजच्या हिशेबाने सुमारे ६३० ग्रॅमचा भरतो, म्हणजे पुढील काळातील ९३३ ग्रॅमच्या शेरापेक्षा एक तृतीयांशाने लहान. ग्रॅमचा हिशेब करू जाणारा येथे गोंधळेल. टक्केवारी करणाऱ्याला मात्र अडचण नाही : मैदा १००, दूध ५०, तूप १५, मीठ अडीच. शेर कोणताही धरला तरी उत्तर तेच येते. वर्गात हा तक्ता फळ्यावर मांडावा आणि विद्यार्थ्यांना ५०० ग्रॅम मैद्यासाठी प्रमाण काढू द्यावे. उत्तर येईल : दूध २५०, तूप ७५, मीठ साडेबारा ग्रॅम.

या कृतीत खमिराचा उल्लेख नाही, हेही विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. त्यावरून रोटी बिनखमिराची होती असे लगेच ठरवू नये. लिहिणारा बहुधा खर्चाचे जिन्नस मोजतो; रोजचे आणि सर्वांना ठाऊक असलेले तो लिहीत नाही. घरच्या वह्यांतही हेच घडते. पाणी, वेळ, आच आणि खमीर या चार गोष्टी बहुतेक वेळा लिहिलेल्याच नसतात आणि कृती फसते ती बहुधा याच चार ठिकाणी.

२. मैदा : नाव एक, वस्तू दोन

'आईन'मध्येच दुसरी उपयुक्त नोंद आहे. एक मण गव्हापासून बारीक पीठ अर्धा मणच मिळे. उरलेल्यात थोडे भरड पीठ आणि बाकी कोंडा. म्हणजे जात्यावर दळून, चाळून काढलेला तो मैदा गव्हाच्या निम्म्या वजनाचा होता. तो दगडी जात्याचा, ताजा आणि अंकुरातील तेलाचा काही अंश असलेला होता. आजचा मैदा पोलादी रुळांच्या गिरणीत तयार होतो. कोंडा आणि अंकुर आधीच वेगळे काढले जातात, त्यामुळे तो महिनोन्‌महिने टिकतो. गहूही बदलला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बुटक्या, भरघोस उत्पन्नाच्या जाती आल्या आणि बन्सी, खपली यांसारख्या जुन्या गव्हांचे क्षेत्र आकसले.

या बदलाचा सर्वांत मोठा परिणाम पाण्यावर होतो. दगडी चक्कीत स्टार्चचे कण अधिक फुटतात आणि फुटलेला स्टार्च जास्त पाणी पितो. कोंड्याचा अंशही पाणी धरून ठेवतो. चक्कीच्या कणकेला वजनाच्या सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक पाणी लागते, तर गिरणीच्या मैद्याला साधारण पंचावन्न ते साठ टक्के पुरते. वहीत 'पीठ' म्हणून चक्कीचे पीठ अभिप्रेत असेल आणि आपण तेवढेच पाणी मैद्यात ओतले, तर पीठ चिकट होणारच. म्हणून नियम असा ठेवावा की द्रवाचा दहावा भाग हाताशी राखून ठेवावा, पीठ वीस मिनिटे झाकून ठेवावे आणि मगच आणखी द्रव लागतो का ते ठरवावे. या वीस मिनिटांत पीठ पाणी शोषून घेते आणि निम्मी मळणी आपोआप होते.

मैद्याची ताकद वर्गातच मोजता येते. २५ ग्रॅम मैदा सुमारे १५ मिलिलिटर पाण्यात मळून गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावा. नंतर पाण्याच्या बारीक धारेखाली, पाणी पांढरे येणे थांबेपर्यंत धुवावा. हातात उरलेला रबरासारखा गोळा म्हणजे ओले ग्लुटेन होय. त्याचे वजन चौपट केले की शेकडा प्रमाण मिळते. वाळल्यावर ते साधारण एक तृतीयांश राहते. भारतीय अन्न मानकांनुसार मैद्यात कोरडे ग्लुटेन साडेसात टक्क्यांहून कमी नसावे. ज्या गोणीतील मैदा जेमतेम ही पातळी गाठतो, तो नानखटाईला चांगला, पण खमिरी नानाला अपुरा पडतो.

३. खमीर आणि यीस्ट

जुने घरगुती खमीर म्हणजे दही, मैदा आणि चिमूटभर साखर यांचे रात्रभर उबेत ठेवलेले मिश्रण. काही घरांत त्यात बडीशेपेचे पाणी घालत. त्यात दोन प्रकारचे सूक्ष्मजीव काम करतात. यीस्ट वायू तयार करून पीठ फुगवते आणि दह्यातील लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू चव, वास व टिकाऊपणा देतात. पाकिटातील यीस्ट यांपैकी पहिलेच काम करते. म्हणून खमिराच्या जागी नुसते यीस्ट घातले की नान फुगतो, पण 'तो नान' होत नाही.

गोव्यातील पोदेरांचा अनुभव येथे बोलका आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर गव्हाचा पाव गोव्यात रुजला. यीस्ट मिळत नसल्याने माडाची सूर घालून पीठ फुगवीत. विसाव्या शतकात सुरेची जागा बव्हंशी यीस्टने घेतली. फुगणे साधले, पण जुन्या पोईची गोडसर-आंबट चव हरवल्याची तक्रार जाणकार खवय्ये आजही करतात. फुगवणारा जिन्नस बदलला, चव देणारा मात्र कोणी बदलून घातला नाही.

आपल्याकडचे खमीर दह्याचे असल्याने उपाय घरातच आहे. मैद्याच्या पाच टक्के दही ठेवावे आणि यीस्ट कमी करून वेळ वाढवावा. झटपट सुके यीस्ट एक टक्का घातले तर पीठ सव्वा-दीड तासात तयार होते, पण चवीला वेळच मिळत नाही. अर्धा टक्का घातले तर दोन-अडीच तास लागतात. एकदशांश टक्का, म्हणजे शेराला जेमतेम मासाभर घालून पीठ रात्रभर थंड जागी ठेवले, तर जुन्या खमिराच्या सर्वांत जवळ जाता येते.

यीस्टच्या प्रकारांत बदल करताना ३० ग्रॅम ताजे यीस्ट = १५ ग्रॅम सुके दाणेदार यीस्ट = १० ग्रॅम झटपट सुके यीस्ट, असे साधारण प्रमाण धरावे.

४. हवामान

रात्रभर ठेवणे हा शब्द आपल्या भागात सर्व ऋतूंत एकच अर्थ देत नाही. निर्मल-आदिलाबादचा उन्हाळा बेचाळीस अंशांच्या वर जातो, तर हिवाळ्यात पहाटे पारा दहाच्या खालीही उतरतो. जुनी बाई हे हाताने ओळखत असे. विद्यार्थ्याला तेच थर्मामीटरने शिकवावे.

मळलेल्या पिठाचे तापमान २७ अंश हवे असे धरू. २७ ची तिप्पट ८१. त्यातून खोलीचे तापमान, मैद्याचे तापमान आणि मळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेचे (हाताने मळताना) सुमारे ३ अंश वजा करावेत. उरेल ते द्रवाचे तापमान. मे महिन्यात खोली ३८, मैदा ३७ असेल तर उत्तर ३ अंश येते, म्हणजे दूध बर्फात ठेवून वापरावे लागेल. डिसेंबरात खोली १८, मैदा १७ असेल तर उत्तर ४३ अंश, म्हणजे चांगले कोमट दूध हवे. एकाच वहीतली एकच कृती मे महिन्यात आंबून जाते आणि डिसेंबरात उठतच नाही, याचे कारण या वजाबाकीत आहे.

५. दूध, तूप, मीठ

जुन्या कृतीतील दूध बहुधा म्हशीचे, साय न काढलेले असे. आजच्या पिशवीवर 'टोन्ड' लिहिलेल्या दुधात ३ टक्के स्निग्धांश आणि साडेआठ टक्के इतर घन पदार्थ असतात. 'फुल क्रीम' दुधात अनुक्रमे ६ आणि ९. म्हणजे टोन्ड दुधात साडेअठ्ठ्याऐंशी टक्के पाणी, फुल क्रीममध्ये पंच्याऐंशी टक्के. शीरमालसाठी, ज्याच्या नावातच 'शीर' म्हणजे दूध आहे, फुल क्रीमच घ्यावे. दूध उकळून थंड केलेले असावे. न उकळलेल्या दुधातील काही प्रथिने पीठ सैल करतात. घरी दूध तापवण्याची जुनी सवय बेकरीलाही हितावह आहे.

तुपात जवळजवळ पाणी नसते. लोण्यात सुमारे ऐंशी टक्के स्निग्ध पदार्थ आणि सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असते. म्हणून ७५ ग्रॅम तुपाऐवजी लोणी घालायचे तर सुमारे ९४ ग्रॅम घालावे आणि द्रव १५ ग्रॅमने कमी करावा. वनस्पती तूप स्वस्त पडते, पण ते साजूक तुपाचा वास देऊ शकत नाही. त्यातील ट्रान्स मेदाच्या धोक्यामुळे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपांत त्याची मर्यादा २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली आहे. तूप परवडत नसेल तर प्रमाण पंधरावरून दहा टक्क्यांवर आणावे, पण साजूकच ठेवावे.

तूप कधी घालावे हेही महत्त्वाचे. आधी मैद्याला चोळले तर ते ग्लुटेनला जुळू देत नाही आणि नान खुसखुशीत होतो. मळून झाल्यावर घातले तर नान मऊ व लवचिक होतो. वहीत हे लिहिलेले नसते. त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांना 'तूप किती' याबरोबरच 'तूप केव्हा' असेही विचारावे.

मिठाचे अडीच टक्के प्रमाण आजच्या जिभेला जास्त वाटते. दोन टक्के पुरे. मीठ चमच्याने न मोजता वजनानेच घ्यावे, कारण खड्याच्या आणि बारीक मिठाच्या एका चमच्याचे वजन सारखे नसते.

६. भट्टी

तंदूरच्या भिंतीचे तापमान साडेतीनशे अंशांच्या वर असते आणि नान दोन-तीन मिनिटांत निघतो. विजेचा घरगुती ओव्हन जेमतेम अडीचशे अंश गाठतो. तेथे नान दहा-बारा मिनिटे राहतो आणि तेवढा वेळ वाळत राहतो. यावर दोन उपाय आहेत. मातीची जाड कौलासारखी फरशी ओव्हनमध्ये अर्धा-पाऊण तास तापवून त्यावर नान टाकावा. आणि पीठ तंदूरच्या पिठापेक्षा तीन-चार टक्के सैल मळावे. बाहेर काढताच वरून दूध शिंपडून नान कापडात गुंडाळावा.

७. एक नमुना

वरील सर्व विचार एकत्र करून 'आईन'मधील प्रमाणावर आधारलेला शीरमालचा वर्गपाठ असा होईल :

मैदा ५०० ग्रॅम. उकळून थंड केलेले फुल क्रीम दूध २५० ग्रॅम, आणि २० ग्रॅम हाताशी. दही २५ ग्रॅम. तूप ७५ ग्रॅम. मीठ १० ग्रॅम. झटपट सुके यीस्ट अडीच ग्रॅम. दुधात भिजवलेले केशर थोडे. साखर मूळ कृतीत नाही. आजच्या शीरमालची गोडी हवी तर २५ ग्रॅम घालावी.

तूप सोडून सर्व एकत्र करून वीस मिनिटे ठेवावे. नंतर मळत मळत तूप घालावे. दुप्पट होईपर्यंत, २७ अंशांना सुमारे दोन-अडीच तास, झाकून ठेवावे. शंभर ग्रॅमचे आठ-नऊ गोळे करून सेंटिमीटरभर जाड थापावे, अर्धा तास ठेवून काट्याने टोचावे आणि २३० अंशांवर तापलेल्या फरशीवर दहा-बारा मिनिटे भाजावे. हे अकबराच्या भटारखान्यातील रोटीचे पुनरुज्जीवन नव्हे. तिच्या प्रमाणापासून निघालेला, प्रत्येक बदलाचे कारण सांगता येणारा हा आजचा नान आहे.

८. पुडीवरील अक्षरे

बाजारातील 'इम्प्रूव्हर' वापरण्यापूर्वी विद्यार्थ्याला पुडीवरील बारीक अक्षरे वाचायला शिकवावे. पोटॅशियम ब्रोमेटवर भारतात २०१६ मध्ये बंदी आली. आय.एन.एस. ९२० म्हणजे एल-सिस्टीन. ते पिसे वा केसांपासूनही काढतात आणि किण्वनानेही मिळते. आय.एन.एस. ४७१ हे स्निग्ध मिश्रक वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य असू शकते. पाकिटावरील हिरवी खूण प्राणिजन्य अंश नसल्याचे सांगते; त्यापलीकडील शंका जाणकार उलेमांना विचारावी. वेळ आणि दही यांनी जे साधते, त्यासाठी पुडीची गरज पडू नये, हा यातील मुख्य धडा आहे.

समारोप

प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एक कृती आणावी आणि तिचे दोन रकान्यांचे पान करावे. डाव्या रकान्यात मूळ शब्द, जसेच्या तसे, ज्या भाषेत असतील त्या भाषेत. उजवीकडे आजचा जिन्नस, ग्रॅम, टक्केवारी आणि बदलाचे कारण. एका वेळी एकच बदल करावा आणि जुना व नवा नान शेजारी ठेवून चाखावा. चाखायला ती कृती ठाऊक असलेली घरातील ज्येष्ठ व्यक्ती असावी; अंतिम गुण तिचे.

डावा रकाना कधीही खोडू नये. उजवा रकाना दर दहा-वीस वर्षांनी बदलेल, कारण मैदा, दूध आणि भट्टी पुन्हा बदलतील. डावा शाबूत असेल तर पुढचा शिक्षक पुन्हा हिशेब मांडू शकेल. तो गेला, तर त्याच्याकडे फक्त आपली दुरुस्ती उरेल, आणि ती कशाची होती हे सांगायला कोणी नसेल.